ताट एकच, तिखट नंतर

डोंबिवलीच्या एका आईचं पत्र आहे. नोकरी ठाण्यात. सकाळी सव्वाआठला घर सोडतात, परत यायला पावणेसात होतात. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. दिवसभर दोघं आजीजवळ. या आजी, म्हणजे पत्रलेखिकेच्या सासूबाई, मूळच्या कराडकडच्या. मुलांचे बाबा आठला निघतात आणि रात्री नवाला येतात. त्या लिहितात : "मुलगी वरणभात, तूप-साखर-पोळी आणि नूडल्स यांपलीकडे काही खात नाही. मुलगा मोबाईल समोर असल्याशिवाय तोंड उघडत नाही. सासूबाई वाटी घेऊन त्याच्यामागे घरभर फिरतात, आणि पोट भरलं नाही म्हणून दिवसातून तीनदा बाटलीभर दूध देतात. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे, पण मला पटत नाही. इतर मुलांचे डबे बघितले की माझा डबा मला केविलवाणा वाटतो. मुलांसाठी रोज वेगळं, पौष्टिक आणि पटकन होणारं काय करू? मुलांना स्वयंपाकात घ्यावं असं वाचते, पण संध्याकाळी सातला पसारा बघायची ताकद नसते. मी कुठे कमी पडते आहे का?"

प्रिय ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते. नाही, तुम्ही कमी पडत नाही आहात. पावणेसातला चपला काढून साडेसातला दोन मुलांच्या पानात गरम अन्न वाढणारी बाई कमी पडत नसते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मनात अपराधीपणा ठेवून आखलेले बेत दोन दिवस टिकतात. तिसऱ्या दिवशी आपण दमून नूडल्सचं पाकीट फाडतो आणि स्वतःलाच बोल लावतो. तो बोल आधी बाजूला ठेवा, म्हणजे पुढचं करता येईल.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे, मी त्यापाशी थांबले. धाकटा दिवसातून तीनदा बाटलीभर दूध पितो. बाटली २५० मिलिलिटरची धरली तर हे पाऊण लिटर झालं. गाईच्या पाऊण लिटर दुधात ५०० च्या जवळपास उष्मांक असतात, म्हशीचं असेल तर बरेच जास्त. अडीच वर्षांच्या मुलाची दिवसभराची गरज साधारण १००० उष्मांकांची. म्हणजे जो मुलगा "काहीच खात नाही" तो निम्मं जेवण पिऊन बसलेला असतो. त्याच्या पोटात जागाच नाही, ताई. मग घासाला तोंड उघडायचं तर मोबाईलची लाच लागणारच.

दुधाची दुसरी अडचण लोहाची. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दुधाने पोट भरलं की डाळ, पालेभाजी, नाचणी, बाजरी यांना जागा उरत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० मुलांमागे ६७ मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. यात खात्यापित्या घरची मुलंही असतात. म्हणून दूध दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटरच्या आत आणा, बाटली काढून पेला द्या, आणि जेवणाआधीच्या दोन तासांत दूध नको. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा दोघांचंही हिमोग्लोबिन तपासायला सांगा. या महिन्यात एकच बदल जमणार असेल तर हाच करा. बाकीचं मागून येईल.

डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला पटत नाही, त्याबद्दल. पहिल्या वर्षात बाळ तीन किलोचं नऊ किलोंचं होतं. त्या वर्षी आपण त्याचं खाणं पाहिलेलं असतं आणि तोच हिशोब मनात बसतो. पण दुसऱ्या वर्षात वजन वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो, आणि त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो. गाडी मंदावली की इंधनही कमी लागतं. शिवाय दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाला नाक मुरडणं फार मुलांमध्ये असतं. अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीची रेघ असते, ती काढून बघा. रेघ आपल्या वाटेने वर जात असेल तर शेजारणीच्या गुटगुटीत मुलाकडे बघण्याचं कारण नाही.

मग आईने करायचं काय? एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी याची एक वाटणी सांगितली आहे आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ तिचा उपयोग करतात. काय वाढायचं, केव्हा वाढायचं आणि कुठे बसून खायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. सांगायला सोपं आहे, करायला अवघड. कारण आपण नेमकं उलटं करतो. "आज काय खाशील?" असं विचारून काय वाढायचं ते मुलावर सोपवतो, आणि "अजून चार घास, चल" म्हणून किती खायचं ते आपण ठरवतो. तुमच्या पत्रातही तेच दिसतं.

इथे सासूबाईंचा विषय येतो, आणि त्यांच्या बाजूने थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पत्रात त्या अडथळ्यासारख्या आल्या आहेत. पण सत्तरीच्या जवळ आलेली बाई वाटी घेऊन अडीच वर्षांच्या मुलामागे पळते, ती का? त्यांच्या लहानपणी मूल दोन दिवस जेवलं नाही की घर हादरायचं. जुलाब, गोवर, ताप, काहीही होऊ शकायचं, आणि अंगावर चार मुठी मांस असलेलं मूल त्यातून तरायचं. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवणं ही त्यांच्या हातातली सगळ्यात मोठी काळजी होती. त्यांना "असं भरवायचं नसतं" एवढंच सांगितलंत तर त्यांना ऐकू येईल की तुमचं प्रेम चुकलं. त्यापेक्षा त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. दुधाचं आणि घासांचं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, सूनबाईच्या नको. आणि घरात तुमच्याइतकं, कदाचित तुमच्याहून जास्त, त्यांना येतं ते काम त्यांच्या हाती द्या. त्यावर पुढे येते.

मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन बघण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, आणि कमी असेल तितका चांगला. तुमच्याकडे तीन जेवणांतच तो तास संपत असणार. पण मला तासापेक्षा दुसऱ्या गोष्टीची काळजी जास्त वाटते. डोळे पडद्यावर असताना मुलाला तोंडातली चव कळत नाही, पोट भरल्याचंही कळत नाही. सहा महिने असं जेवलेल्या मुलाला भेंडी आवडते की नाही हे सांगताच येणार नाही, कारण त्याची आणि भेंडीची गाठच पडलेली नाही.

दोन वाटा आहेत. एकदम बंद करणं किंवा एकेका जेवणातून काढणं. एकदम बंद केलं तर घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. दुपारी तुम्ही नसता, रडं सासूबाईंच्या वाट्याला येणार, आणि तिसऱ्या दिवशी मोबाईल बाहेर येणार. म्हणून मी म्हणेन, रात्रीचं जेवण आधी. त्या वेळी तुम्ही घरात असता, रडं तुमच्या अंगावर घेता येतं. पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल. कदाचित दोन घास खाऊन उठेल. उठू द्या. रात्री दहाला बिस्कीट किंवा दूध देऊन भरपाई करू नका. सकाळी भूक लागेल तेव्हा नाश्ता आहेच. हे वाचताना सोपं वाटतं आणि करताना काळीज गोळा होतं, मला ठाऊक आहे. मी माझ्या मुलीच्या वेळी दुसऱ्याच रात्री हार मानली होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. रात्र जमली की पंधरा दिवसांनी दुपारचं बघा.

आता तुमचा मूळ प्रश्न. मुलांसाठी रोज वेगळं काय करू?

मला हा प्रश्नच थोडा उलटून बघावासा वाटतो. मुलांसाठी वेगळं करायचंच कशाला? अडीच आणि पाच वर्षांची मुलं घरचं सगळं खाऊ शकतात. त्यांना अडतं ते फक्त तिखट. आपण मात्र तिखटामुळे त्यांचं अख्खं पानच वेगळं करतो, आणि मग त्यांना कायम वेगळ्या पानाची सवय लागते. त्याऐवजी भांडं एकच ठेवा आणि तिखट नंतर घाला. आमटी उकळली, मीठ-गूळ-आमसूल पडलं, की मुलांच्या वाट्या काढा. मग कांदा-लसूण मसाला. मटकीची उसळ शिजली की त्यांचा वाटा बाजूला, मग कट. किंवा याहून सोपं म्हणजे सगळ्यांचंच सौम्य करा आणि मोठ्यांच्या पानात खर्डा वाढा. कराडकडच्या माणसाला खर्डा असला की बाकी तक्रार नसते.

आणि रोज वेगळं हवं असतं ते आपल्याला. मुलांना ओळखीचं आवडतं. आठवड्याचे वार ठरवून टाका. आमच्याकडे सोमवार मुगाच्या खिचडीचा, मंगळवार पिठलं-भाकरीचा, बुधवार उसळीचा, असं वर्षानुवर्षं चाललं आणि कुणी कंटाळलं नाही, कारण खिचडीत कधी वाटाणा पडायचा, कधी दुधी, कधी पालक. संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने "आज काय करू" हा विचार डोक्यात फिरत नाही, एवढ्यानेच निम्मा थकवा उतरतो.

पानात एक ओळखीचा पदार्थ ठेवायचा, जो ती नक्की खाते. मुलीच्या बाबतीत वरणभात. त्याच्या शेजारी चमचाभर भाजी. चमचाभरच, वाटीभर भाजी बघून मुलं घाबरतात. "खा" म्हणायचं नाही, "एक घास तरी" नाही, खाल्ली तर टाळ्याही नाहीत. नवीन चव मुलाच्या ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते, आणि आपण बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या वेळेला "हिला आवडत नाही" असं जाहीर करून मोकळ्या होतो. मग ते मुलीच्याही मनात पक्कं बसतं. तिच्यादेखत पाहुण्यांना "ही भाजी खातच नाही" असं सांगणं आजपासून बंद करा.

माझी मुलगी चार वर्षांची असताना तिला तोंडल्याचा वाससुद्धा नको असायचा. एकदा मंडईत तिला म्हटलं, दहा तोंडली तू निवड. ती हिरव्या ढिगापुढे उकिडवी बसली आणि एकेक तोंडलं उचलून डोळ्यांजवळ नेऊन त्यावरच्या पांढऱ्या रेघा बघत राहिली. घरी आल्यावर ती दहा तिने स्वतः धुतली, टोकं मी कापली, आडव्या चकत्या करून दाखवल्या तर आतल्या बियांचं फूल बघून म्हणाली, "याच्यात रांगोळी आहे." तिने त्या दिवशी भाजी खाल्ली नाही. एक कच्ची चकती चाटली आणि ठेवून दिली. पुढच्या वेळीही नाही. सातव्या की आठव्या वेळी ताटातली एक फोड उचलून खाल्ली, आणि मी दुसरीकडे बघत राहिले.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे स्वयंपाकात मुलांना घेण्याकडे. पूर्वी स्वयंपाक जमिनीवर व्हायचा. विळी जमिनीवर, परात जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, चूलसुद्धा बसून. रांगणाऱ्या मुलापासून सगळ्यांना सगळं दिसायचं. कणीक, कोथिंबीर, दाणे हाताशी असायचे, आणि त्याच चार पोह्यांवर, गुळाच्या खड्यावर भातुकली रंगायची. मग ओटा आला, कंबरेइतका उंच. आईच्या पाठीला आराम मिळाला आणि ते योग्यच झालं. पण मुलाला आता आईची पाठ तेवढी दिसते. जेवण त्याच्यासाठी थेट ताटात अवतरतं. म्हणून सगळ्यात आधी हे करा. जे काम गॅसवर नाही ते खाली आणा. जुनी चादर अंथरा, त्यावर परात ठेवा आणि काम परातीतच करायला द्या. काम संपलं की चादरीची चार टोकं उचलून झटकली, की पसाराही उचलला गेला.

आणि हे सातला करू नका. तुमच्या अंगात त्या वेळी ताकद नसते हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे, ते मानून चालू. दुपारी चारला घरात कोण असतं? सासूबाई. हेच ते काम, जे त्यांच्या हाती द्या म्हणाले. मेथी निवडणं, उकडलेला बटाटा सोलणं, ताक घुसळताना रवीची दोरी ओढणं, मटकी भिजत घालणं हे त्या खुर्चीवर बसून सांगू शकतात आणि मुलं खाली बसून करू शकतात. अडीच वर्षांचा मुलगा मेथीची चार पानं तोडेल आणि दांडी परातीत टाकेल, पान चादरीवर. चालेल. कोथिंबीर तोडणं, काकडी पाण्यात धुणं, कणकेचा गोळा बडवणं एवढं त्याला पुष्कळ. पाच वर्षांची मुलगी लसूण सोलेल, लिंबू पिळेल, बोथट सुरीने काकडी कापेल. दुपारी दोन तास वाटीमागे पळण्याऐवजी आजी जर मुलांकडून मटकी भिजवून घेणार असतील, तर त्यांच्या गुडघ्यांनाही विश्रांती.

मटकीचं विशेष सांगते, कारण याला काही खर्च नाही आणि मुलं त्यात अडकतात. सकाळी भिजवायची, रात्री निथळून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पुरचुंडी मुलीनेच सोडायची. उन्हाळ्यात तेवढ्यात बारीक मोड दिसतात, थंडीत आणखी दिवसभर थांबावं लागतं. ती दर दोन तासांनी फडकं उचकटून बघेल, बघू द्या. लहान मुलांना मोड आलेली कडधान्यं कच्ची देऊ नका, शिजवूनच. वरून लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगी जास्त लागतं. हे लिंबू पिळायचं काम मुलीचं. लोखंडी कढई माळ्यावर पडली असेल तर तीही खाली काढा, तीत शिजवलेल्या अन्नात थोडं लोह उतरतं.

थालीपिठाला भोकं पाडण्याचं काम तर देवाने मुलांसाठीच ठेवलं आहे. ओल्या फडक्यावर तुम्ही किंवा आजीने थापायचं, मुलाने बोट पाण्यात बुडवून मधे एक आणि कडेने चार भोकं पाडायची. तव्यावर टाकल्यावर त्या भोकांत तेल चुर्र करतं ते त्याला लांबून दाखवा. स्वतःचं बोट गेलेलं थालीपीठ मुलं बहुतेक वेळा ओळखून मागून घेतात. भाजणीत बाजरी, ज्वारी, हरभरा डाळ, उडीद सगळं आलेलंच असतं, वेगळा पौष्टिक पदार्थ शोधायला नको.

गॅस न लावता करायचं असेल तर कोकणातले दडपे पोहे. दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओलं खोबरं, बारीक चिरलेली काकडी, कोथिंबीर, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू. नारळाचं पाणी शिंपडायचं, सगळं मुलांच्या हातांनी कालवायचं, वर ताटली ठेवून त्यावर वजन ठेवायचं. वजन कशाचं, हे त्यांना ठरवू द्या. आमच्याकडे एकदा खलबत्ता आला होता, एकदा दोन जाड पुस्तकं. पंधरा-वीस मिनिटांनी ताटली उचलली की खाली मऊ झालेले पोहे. वरची फोडणी मोठ्यांनी करायची आणि हिरवी मिरची आपल्या वाट्याच्या फोडणीत.

काळजीची एकच गोष्ट आणि ती नीट घ्या : अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या धाकट्याला चार वर्षांचा होईपर्यंत नकोत, घशात अडकतात. दाण्याचं कूट चालेल. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करून. आणि मुलं खाताना बसलेली हवीत. घासामागे पळण्याविरुद्ध सगळ्यात मोठं कारण खरं तर हेच आहे, पळत्या मुलाला ठसका पटकन लागतो. सासूबाईंना हे कारण लगेच पटेल.

आता एकत्र जेवणाचं. बाबा नवाला येतात, म्हणजे रात्रीचं एकत्र जेवण होतच नसणार. मुलांना नवापर्यंत ताटकळत ठेवू नका. साडेसातला त्यांना खरी भूक लागते, ती हुकली की झोप आणि रडं. पण ती जेवताना घरातलं एक तरी मोठं माणूस स्वतःचं पान घेऊन शेजारी बसू दे. आपण उभ्याने वाढतो आणि मुलं एकटी खातात, त्यामुळे दुसरं कुणी भेंडी चावून खाताना त्यांना दिसतच नाही. तुम्ही साडेसातला अर्धी भाकरी त्यांच्याबरोबर खा, उरलेली नवाला.

आणि कुटुंबाचं जेवण रात्रीचंच असलं पाहिजे असं कुठे आहे? सकाळी साडेसातला तुम्ही पाचही जण घरात असता. वीस मिनिटं मिळतात. तुमच्या पत्रात मुलांच्या बाबांबद्दल वाक्य एकच आहे, ते किती वाजता जातात आणि येतात एवढं. सकाळची धिरडी त्यांनी घालायला काय हरकत आहे? मुगाची डाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-जिरं घालून वाटायची, तव्यावर पळीने पसरायची. पाच माणसांची धिरडी पंधरा-वीस मिनिटांत होतात, आणि पहिली दोन वेडीवाकडी झाली तरी मुलं आनंदाने खातात. ज्या घरात बाबा तव्यापाशी उभे असतात तिथली मुलं स्वयंपाक हे फक्त आईचं काम आहे असं धरून चालत नाहीत. हे त्यांना पत्र दाखवून सांगा किंवा तसंच सांगा, पण सांगा. आमच्याकडे येणाऱ्या अशा प्रत्येक पत्रात मुलांच्या पोटाचा हिशोब एकट्या बाईच्या नावावर मांडलेला असतो आणि मला ते वाचताना दर वेळी त्रास होतो.

डब्याबद्दल थोडक्यात. चांदणीच्या आकाराची पोळी बघून मन खट्टू करून घेऊ नका. शाळेत डबा खायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात. मुलीला एका हाताने उचलून खाता येईल असं द्या. तूप-साखर-पोळी ती आनंदाने खाते ना? मग तीच पोळी, साखरेऐवजी गूळ आणि तिळाचं कूट. हळूहळू एका तुकड्यात भाजीचं सारण. नूडल्स आठवड्यातून एकदा असतील तर त्याचा बाऊ नको. मटार-गाजर ढकला आणि वार ठरवून टाका, म्हणजे रोज मागणी होणार नाही.

एवढं करूनही काही खुणा दिसल्या तर डॉक्टरांकडे पुन्हा जा, थांबू नका. वजनाची रेघ सपाट झाली किंवा खाली उतरली, खाताना वारंवार ठसका किंवा उलटी होते, खाण्याचे पदार्थ वाढायच्या ऐवजी एकेक करून गळत चालले आहेत, किंवा मूल माती, खडू, भिंतीचा पोपडा खातं. शेवटची खूण पुष्कळदा लोहाच्या कमतरतेची असते.

सुरुवात कुठून करायची, तर या रविवारी चकोल्या करा. विदर्भात यांना वरणफळं म्हणतात. तुमच्या सासूबाई चकोल्याच म्हणत असणार. तुमच्या मुलीला वरण आवडतं आणि पोळी आवडते, या पदार्थात दोन्ही आहेत, म्हणजे तिला नवीन असं काहीच खावं लागणार नाही. वाटीभर तूरडाळ मऊ शिजवून घोटा. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, ठेचलेला लसूण यांच्या फोडणीवर घाला, नेहमीच्या वरणाच्या दुप्पट पाणी, आमसूल, गूळ, मीठ, थोडा गोडा मसाला. उकळी येईपर्यंत कणकेच्या पातळ पोळ्या लाटायच्या आणि त्या चादरीवरच्या परातीत मुलांपुढे ठेवायच्या. मुलीने शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे, धाकट्याने ते वेगळे करून त्यांवर पीठ भुरभुरवायचं, नाहीतर एकमेकांना चिकटतात. आकार कसलेही येऊ देत. तुकडे उकळत्या वरणात एकेक करून सोडायचं काम मोठ्यांचं, सगळे एकदम टाकलेत तर गोळा होईल. दहा-बारा मिनिटं शिजू द्या. मुलांच्या वाटीत वरून तूप. मोठ्यांसाठी कढल्यात तेल, लसूण आणि लाल तिखटाची वेगळी फोडणी करून आपापल्या वाटीत घ्यायची. मुलांच्या बाबांना परातीपाशी बसवा.

कापायला कातण लागेल, करंजीची कड कापायचं ते चाक. दिवाळीनंतर ते कुठल्या डब्यात गेलं हे तुम्हाला आठवणार नाही. सासूबाईंना विचारा, त्यांना माहीत असेल.